धोंडीराम सुताराचा तळहात

"कानाला विचारू नको, तळहाताला विचार."

धोंडीराम सुतार हे वाक्य दिवसातून दोन-चारदा तरी म्हणायचा. दार चौकटीत कुठे घासतंय ते बघताना म्हणायचा. कलिंगड घेताना म्हणायचा. बाकीचे लोक कलिंगड वाजवून कान लावतात. हा एका हातावर ते तोलून दुसऱ्या हाताने टिचकी मारायचा आणि खालच्या तळहाताला काय पोचलं तेवढंच बघायचा. माझ्या गाडीत बसला की म्हणायचा, "पोपट, इंजिन काय बोलतंय ते ऐकू नगंस. गिअरच्या दांड्यावर हात ठेव, ती थरथर खरं सांगतीया." आणि एकदा त्याने नुसत्या हाताने इंजिनाखालचं रबर गेल्याचं सांगितलं होतं, मेकॅनिकच्या दोन दिवस आधी.

मी पोपटराव. कतारात, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात सुतारकामाचा एक कारखाना आहे, त्याची पिकअप मी चालवतो. दारं, चौकटी, कपाटं कारखान्यात बनतात. मी ती उत्तरेकडच्या उम्म सलाल मोहम्मदपासून पार दक्षिणेपर्यंत व्हिलाव्हिलांत पोचवतो. धोंडीराम त्याच कारखान्यात बावीस वर्षं होता आणि त्यातली अकरा वर्षं माझ्या शेजारच्या खाटेवर. गाव गडहिंग्लजकडचं. घरी बायको, विठाबाई. मुलगी ममता, लग्न होऊन इचलकरंजीत. विठाबाई फोनवर दर महिन्याला एकच विचारायची, "कवा येणार?" आणि तो म्हणायचा, "हात चालतोय तोवर हाय. हात थांबला की आलोच." हे बोलताना तो हसायचा. हात थांबेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

आम्ही कामगार राहायचो त्या कॅम्पच्या हॉलमध्ये एक टेबल टेनिसचं टेबल होतं. नेटच्या जागी कुणीतरी ॲल्युमिनियमची पट्टी उभी केलेली, बॅटींचं रबर कधीच सोलून निघालेलं. धोंडीरामला खेळात काही गोडी नव्हती. पण एका शुक्रवारी त्याने मोडलेली एक बॅट उचलून आणली, खाटेवर वर्तमानपत्र पसरलं आणि कडेने पटाशी घालून तिचे थर उचकटायला बसला. चहा गार होऊन गेला. पाच थर निघाले.

"ही बघ," तो म्हणाला, "मधी जाड गाभा. हलका, जणू वाळलेल्या शेवग्याचा. त्याच्या दोन्ही अंगाला पातळ थर, आडव्या रेषांचे. आणि भाईर पुन्हा दोन, उभ्या रेषांचे."

"आडवे कशाला घातलेत?"

"टोपलीला आडव्या कामट्या कशाला घालतात? सगळ्या उभ्याच लावल्यास तर पहिल्या धक्क्याला उभी फाटंल की रे."

त्या दिवसापासून तो बॅटी करायला लागला. कारखान्यात व्हिलांतल्या सौनाच्या बाकांसाठी आफ्रिकेचं एक लाकूड यायचं, फिकट, हलकं, गरम खोलीतही न तापणारं. त्याचे उरलेले तुकडे फोरमन त्याला नेऊ द्यायचा. तोच गाभा. वरच्या थरांसाठी कपाटांच्या व्हिनीअरची, म्हणजे लाकडाच्या कागदी पापुद्र्याची, कात्रणं. पांढरा गोंद, दोन जाड फळ्या, सहा शिकंजे, आणि एक दिवस वाट बघणं. पहिल्या चार बॅटी त्याने स्वतःच मोडून टाकल्या. पाचवी ठेवली.

मला खेळातलं कळत नाही, पण त्याचं ऐकून ऐकून लाकडातलं थोडं कळायला लागलं. तो म्हणायचा, गाभा मऊ असला की चेंडू लाकडात क्षणभर बसतो आणि मग निघतो. खेळणाऱ्याला त्या क्षणात चेंडूला सांगता येतं, कुठं जायचं ते. बाहेरचा थर कठीण घेतला की चेंडू बसायच्या आधीच पळतो. आणि सगळ्यात जास्त जपायचा तो बाहेरच्या थराच्या जाडीला.

"ओली काठी वाकव," तो म्हणायचा. "आधी काय फाटतं? साल. आतल्या गराला पत्तासुद्धा नसतो. वाकताना सगळा ताण भाईरच्या अंगावर. म्हणून गाभा थोडा इकडं-तिकडं झाला तर चालतोय, पण भाईरचा थर केसभर जाड झाला की अख्खी बॅट ताठ."

ही केसभर जाडी तो मोजायचा कशी? कारखान्यात प्रत्येक बाकावर वर्नियर होता, आकडे दाखवणारा. धोंडीराम त्याला हात लावत नसे. व्हिनीअरचा तुकडा अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळायचा, डोळे मिटायचा, आणि सांगायचा, "अर्धा मिलीमीटर, वर एक कागद." पोरं पैज लावून वर्नियर आणायची. कागदसुद्धा बरोबर निघायचा.

आमच्यातल्या क्रेनवाल्या कुशलने एकदा एशियन टाउनच्या बाजारातून कार्बनचा थर घातलेली बॅट आणली, काळी रेघ कडेने दिसणारी. चेंडू गोळीसारखा जायचा. सगळे खूश. धोंडीरामने ती हातात घेतली, मूठ हलकी धरून दुसऱ्या हाताच्या नखाने टिचकी मारली आणि परत दिली.

"कशी आहे, दादा?"

"पळतीया बरी. पर मुकी हाय. चेंडू कुठं लागला ते सांगतच न्हाई."

"जिंकायला पाहिजे की बोलायला?"

"तुला बायको मुकी चालंल का, सांग."

"माझी? एक दिवस मुकी झाली तर मी सगळ्यांना मंदी देईन, दादा!"

मग एकदम सगळेच हसले, धोंडीरामसुद्धा. मंदी म्हणजे आमच्याकडचा भात आणि मटण, एका मोठ्या थाळीत.

मालविकाताईंची ओळख झाली ती सहा वर्षांपूर्वी. ताई नाशिकच्या, गॅस कंपनीत इंजिनीअर, राहायला अल हिलालला. त्यांच्या स्वयंपाकघरातली कपाटं बसवायला आम्ही गेलो होतो. बाहेर टेबलावर त्यांची बॅट पडलेली. धोंडीरामने दार बसवता बसवता ती उचलली, टिचकी मारली आणि सरळ विचारलं, "ताई, कोपर दुखतंय का तुमचं?"

ताई चहा ओतत होत्या. थांबल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"बॅट ताठ हाय. धक्का लाकडात मुरत न्हाई, मुठीतनं वर जातोय. तुमचा हात बारीक, मग तो कोपरातच अडकणार."

ताई कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळलेल्या. कोपरासाठी दोन डॉक्टर झाले होते, पट्टे झाले होते. बॅट बदला असं कुणी म्हणालं नव्हतं. धोंडीरामने त्यांना एक बॅट करून दिली. गाभा सौनाच्या लाकडाचा, बाहेर मऊ फिकट व्हिनीअर, मुठीच्या आत थोडं पोकळ केलेलं. एकूण जाडी पाच पॉइंट आठ मिलीमीटर. हा आकडा ताईंनी मोजला, त्याने नाही. ताई म्हणायच्या, "धोंडीरामदादा, या बॅटनं मला चेंडू ऐकू येतो, हातात." तो लाजून दुसरीकडे बघायचा. इथल्या भारतीयांच्या मंडळाच्या स्पर्धेत ताई त्या बॅटने तीनदा जिंकल्या.

या ऑगस्टमध्ये ती बॅट मुठीच्या वर चिरली. ताईंनी फोन केला. "दादा, तशीच पाहिजे. अगदी तशीच. यंदा शेवटचं खेळतेय, पुढच्या वर्षी इथे असेन नसेन. आणि फायनलला समोर सबीहा असणार हे नक्की."

"करतो की ताई. त्यात काय."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ उजवा हात काखेत धरून बसला.

तो हात काखेत घालायचा हे मला त्याआधी वर्षभर दिसत होतं. सकाळी कारखान्यात एसीचा झोत लागला की त्याची तीन बोटं पांढरी पडायची, मेणबत्तीसारखी. चहाचा ग्लास दोनदा हातातून सुटला. शर्टाचं बटण लावायला तो डावा हात घ्यायला लागला. बावीस वर्षं घासायचं मशीन त्याच हाताने धरलेलं. दिवसाला आठ-आठ तास ती थरथर हातात जायची, आणि तीच आता बोटांतली सगळी जाणीव पुसून नेत होती. क्लिनिकच्या डॉक्टरने एकदा सांगितलं होतं, मशीन सोडा, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. धोंडीराम मला म्हणाला, "डॉक्टरला लाकडातलं काय कळतंय."

सप्टेंबरात कराराच्या नूतनीकरणाचा कागद आला. आणखी दोन वर्षं. रविवारपर्यंत सही करून द्यायची होती. त्याने कागदाची चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

"करून टाक ना सही," मी म्हणालो.

"शुक्रवारी स्पर्धा हाय. ताईंची बॅट काय म्हणती बघू. हात खरं बोलला तर सही. खोटं बोलला तर गाव."

"एका बॅटवर?"

"मग कशावर? दारं काय, मशीनच करतंय. बॅट माझा हात करतोय."

मी त्याच्याकडे बघितलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस. गावाकडे जायचं म्हणजे त्याला सुट्टी वाटत नव्हती. गावात त्याच्या वडिलांचं बाक होतं, रंधा होता, आणि ते सगळं त्याने बावीस वर्षं मनात जपलं होतं ते या हातासाठी. बोटं गेलेला सुतार त्या बाकापुढे बसून काय करणार, हे त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही. मी पण विचारलं नाही.

बॅट त्याने शिफ्ट संपल्यावरच्या तासाभरात केली, तीन दिवसांत. मी माल उतरवून त्याच्या बाकाशी उभा राहायचो. बाहेर अजून बेचाळीस अंश, आत भुसा आणि पंख्याचा आवाज. सौनाचं लाकूड त्याने रंध्याने उतरवलं, आडवे थर बसवले, ते चोख झालं. मग बाहेरच्या थरासाठी कात्रणांच्या ढिगात हात घातला. फिकट मऊ व्हिनीअर दोन जाडीचं होतं: एक कपाटांचं, पातळ, दुसरं दारांचं, जरा जाड. रंग एकच, रेषा एकच. त्याने एक तुकडा अंगठा आणि बोटांत धरला, डोळे मिटले, चोळला. नेहमीपेक्षा जास्त वेळ चोळला.

वर्नियर वीतभर अंतरावर पडला होता. मी त्याच्याकडे बघितलं, मग धोंडीरामकडे.

"हाच," तो म्हणाला. "अर्धा, वर एक कागद."

तिसऱ्या दिवशी शिकंजे काढले, आकार कापला, मूठ बसवली, कडा घासल्या. त्याने मूठ हलकी धरून टिचकी मारली. तो हाताकडे बघत होता. मी मात्र ऐकलं. ताईंची जुनी बॅट मी कितीदा डागडुजीसाठी नेली-आणली होती, वाजवली होती. तिचा आवाज बसका होता, बंद दारावर बोटाने ठोकावं तसा. या बॅटचा आवाज वर होता.

"दादा," मी म्हणालो, "आवाज जरा चढा वाटतोय."

त्याने माझ्याकडे बघितलं. "कुणाला विचारलंस?"

मी कानाकडे बोट दाखवलं.

"कानाला विचारू नको," तो म्हणाला आणि बॅट फडक्यात गुंडाळली.

मी तिथेच वर्नियर उचलायला हवा होता. नाही उचलला. अकरा वर्षं ज्याच्या हाताला मान दिला त्याच्यासमोर आकडा धरायला माझा हात धजला नाही.

ताईंची शटडाऊनची, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीची, ड्युटी होती; त्या गुरुवारी संध्याकाळी घरी आल्या तेव्हा मी बॅट पोचवली. रबर त्यांनी स्वतःच चिकटवलं. खेळून बघायला वेळ नव्हता. फोनवर म्हणाल्या, "तुमच्या हातची आहे, बघायचं काय त्यात?"

शुक्रवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. मंडळाचा फलक, कोपऱ्यात वडे आणि कडक चहा, मुलांचा गलका. आम्ही भिंतीपाशी खुर्च्यांवर बसलो. धोंडीरामने इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशात कागदाची चौघडी दिसत होती.

महिलांची फायनल. समोर सबीहा, हैदराबादच्या, दातांच्या डॉक्टर. दोघींची जुनी मैत्री आणि जुनी खुन्नस. सबीहा म्हणाल्या, "मालविका, नई बॅट? अब बहाना भी नया लाना पडेगा."

ताई हसल्या. पहिल्या पाच-सहा चेंडूंतच ते हसू गेलं. ताईंचा हळू टाकलेला चेंडू नेटजवळ मरायचा, तो आता उसळून वर येत होता आणि सबीहा तो मारत होत्या. ताईंचे लांबचे फटके टेबलाच्या कडेबाहेर चार बोटं जात होते. पहिला गेम गेला. दुसरा त्याहून लवकर गेला.

"दमल्यात ताई," मी म्हणालो. "शटडाऊन होतं ना."

"ताई दमल्या न्हाईत." धोंडीराम टेबलाकडेच बघत होता. "चेंडू बसत न्हाई. बघ, लागला की पळतोय."

तिसऱ्या गेमला ताईंनी खेळच बदलला. हळू टाकणं सोडून नुसती बॅट आडवी धरली, सबीहांचाच वेग परत करत गेल्या, आणि तो गेम काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धोंडीरामने नाही वाजवल्या. प्रत्येक पॉइंटनंतर ताई डाव्या हाताने उजवं कोपर दाबत होत्या, आणि तो तेवढंच बघत होता. चौथा गेम दहा-दहापर्यंत आला आणि गेला, त्याबरोबर सामनाही.

सबीहांनी ताईंना मिठी मारली. ताई घाम पुसत आमच्याकडे आल्या. "दादा, बॅट छान आहे हं. माझाच हात आज लागला नाही."

धोंडीराम उठून उभा राहिला. "ताई, माझ्यासाठी खोटं बोलू नका. बॅट द्या."

त्यांनी दिली. त्याने ती आडवी धरली, डोळे मिटले. "पोपट, चेंडू सोड. कुठं लागला ते मी सांगतो."

मी छातीच्या उंचीवरून चेंडू सोडला. मध्ये पडला. "मधी," तो म्हणाला.

दुसरा मी मुद्दाम कडेला सोडला. "मधी."

"बरोबर," मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. तिसरा अगदी टोकाला पडला. त्याचा आवाजसुद्धा फुटका आला, शेजारच्या पोराने वळून बघितलं. धोंडीराम मात्र कानाला विचारत नव्हता. तो हाताकडून उत्तर यायची वाट बघत उभा राहिला. कपाळावर आठी पडली.

"मधी," तो शेवटी म्हणाला.

त्याने डोळे उघडले. चेंडू अजून टोकाच्या खाली जमिनीवर उड्या मारत होता.

"गाडीत वर्नियर हाय न्हवं?" त्याने विचारलं.

"आहे."

"आण."

मी पार्किंगमध्ये गेलो, हत्यारांच्या पेटीतून वर्नियर काढला. उन्हात तो इतका तापला होता की हातात धरवेना. परत आलो तेव्हा ताईंनी पिशवीतून जुनी चिरलेली बॅट काढून ठेवली होती. धोंडीरामने मुठीशेजारी रबराखालून डोकावणारं बोटभर लाकूड वर्नियरमध्ये पकडलं, आधी जुन्या बॅटचं. आकडे बारीक. त्याने वर्नियर ताईंपुढे धरला. "वाचा."

"पाच पॉइंट आठ."

मग नवी. या वेळी ताईंनी आपल्या हाताने वर्नियर धरला.

"वाचा ताई."

"सहा पॉइंट चार, दादा."

त्याने मनात हिशेब केला असणार, कारण ओठ हलले. "दोन्ही अंगाला पॉइंट तीन तीन. दारांचं व्हिनीअर." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला कारखान्यातच कळलं होतं."

"आवाज..."

"व्हय. आवाज." तो खुर्चीवर बसला. राग नव्हता. खूप लांबून चालत आलेला माणूस बसतो तसा बसला. "बावीस वर्षं कानाला गप्प बसवलं मी. आता त्यो एकटाच शिल्लक ऱ्हायला, आणि त्याची मला सवय न्हाई."

सबीहा जिंकलेला कप घेऊन जवळ आल्या. "क्या हुआ भाईसाहब को? तबियत?"

"हाथ," ताई एवढंच म्हणाल्या.

सबीहांनी कप खुर्चीवर ठेवला, त्याच्यापुढे वाकून त्याचा उजवा हात उताणा केला, बोटांची टोकं एकेक करून दाबली आणि विचारलं, "यहाँ लगता है? यहाँ?" तो मान हलवत राहिला. आमच्यादेखत पहिल्यांदाच त्याने तो हात कुणाला दाखवला होता.

"मशीन छोड दीजिए," त्या म्हणाल्या.

"खलास, डॉक्टर," तो म्हणाला. "छोड दिया."

त्याने खिशातून कागद काढला, चौघडी उलगडली, सहीची रिकामी जागा एकदा बघितली आणि माझ्या हातात दिला. "रविवारी ऑफिसात दे. सही न्हाई म्हणावं."

"दादा, विचार कर की. स्टोअरला बस, लाकडं मोजून दे, फोरमन नाही म्हणणार नाही," मी म्हणालो.

"काय मोजून दिऊ? कशानं?"

ताईंनी नवी बॅट उचलली होती. त्याने हात पुढे केला. "ती द्या ताई. मोडून टाकतो. तुमचं कोपर जाईल."

"नाही देणार."

"ताई..."

"खेळणार नाही हिनं. पण देणार नाही."

त्याने मान डोलावली. चहा घ्या, वडा घ्या म्हणून मंडळाची माणसं मागे लागली, त्याने हात जोडले. मी किल्ली काढली. "चल, गाडी एसी लावून गार करतो."

"नगं. स्टॉपपर्यंत चालतो. विठाबाईला फोन करायचाय."

दाराबाहेर पांढरं ऊन होतं, गाड्यांच्या टपांवर डोळे ठरत नव्हते. तो पार्किंगमधून निघाला, धुळीने माखलेल्या खजुरीच्या झाडांच्या रांगेला धरून, फोन डाव्या कानाला. उजवा हात काखेत नव्हता. तो बाजूला लोंबत होता, पावलागणिक हलत. फाटकाशी पोचल्यावर त्याने जाता जाता त्या हाताने लोखंडी खांबाला टिचकी मारली. थांबला नाही, वळला नाही, रस्त्याला लागला.

मी पिकअपच्या दारात कागद घेऊन उभा होतो. सबीहा पायरीवर होत्या, कप आतच विसरून. आणि मालविकाताई, दोन्ही बॅटी छातीशी धरून, तो कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत बघत.